एका हाताचं बहुमत

स्केलबरो, ९ मार्च २०११

हेस्टर,

तुझा पत्ता आईने दिला. दिला म्हणजे टेलिफोनजवळची वही मला दिसेल अशी उघडी ठेवली आणि स्वतः बागेत गेली. पेन्झन्स. याहून लांबचं गाव या देशात असतं तर तू तिथे गेली असतीस, याबद्दल मला शंका नाही.

३ फेब्रुवारीला रात्री जेवताना तू मला एक प्रश्न विचारलास. गावचा तरणतलाव बंद करण्याच्या ठरावावर मी हात वर केला की नाही? मी म्हणालो, ठराव कौन्सिलने केला, मी नाही. तू काटा-सुरी ताटात ठेवलीस, कोट घेतलास आणि निघून गेलीस. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच आज लिहायला बसलो आहे. पण त्याआधी इथे काय चाललंय ते ऐक, कारण दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना हे सांगून सांगून मी थकलो आहे आणि त्यांना फक्त खिळे हवे असतात.

राजपुत्राचं लग्न २९ एप्रिलला आहे. सुट्टी जाहीर झाली आहे. आपल्या हुजूर पक्षाच्या गटनेत्या मिसेस थॅकर यांनी ठराव आणला आहे की बाजारचौकात भला मोठा पडदा उभारावा, त्यावर लग्न दाखवावं, मांडव घालावा आणि सगळ्या गावाला फुकट चहा-केक द्यावा. खर्च अठरा हजार पौंड. हे अठरा हजार कुठून आले, तर म्हणे ‘यंदा केलेल्या बचतीतून’. कुठली बचत ते त्यांनी सांगितलं नाही. ते तुला आणि मला माहीत आहे.

मी राजघराण्याच्या विरोधात नाही हे तुला सांगायला नको. राष्ट्रगीत लागलं की मी स्वयंपाकघरात एकटा असलो तरी उभा राहतो आणि तुझी आई माझ्याभोवतीने झाडू मारते. पण लग्न ही घरची गोष्ट आहे. ज्याच्या घरचं कार्य, त्याने खर्च करावा. शेजाऱ्याच्या लग्नात मी नवे कपडे घालून जाईन, भेट देईन, एखादं गाणंही म्हणेन. त्याच्या मांडवाचं बिल मात्र माझ्या दारात आलं तर मी दार लावून घेईन. सरकारी पैसा म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून काढलेला पैसा, हे वाक्य मिसेस थॅकर यांनी माझ्याकडूनच उचललं आणि फेब्रुवारीच्या सभेत अकरा वेळा वापरलं. मी मोजलं होतं. या ठरावात मात्र ते वाक्य त्यांच्या पर्समध्येच राहिलं.

गेल्या वर्षी आपण चौकातली सार्वजनिक शौचालयं बंद केली, आठवतं ना? परवडत नव्हती. आता त्या दिवसापुरती फिरती शौचालयं भाड्याने आणणार आहेत. आठ. यावर काय बोलायचं?

कागद संपला. तुझ्या प्रश्नाचं राहिलंच.

विल्फ्रेड गारसाइड

१८ मार्च

हेस्टर,

काल सभा झाली. अठरा हजार मंजूर झाले. वीस विरुद्ध आठ.

मी बोललो. चांगला बोललो असं मला वाटतं. म्हणालो की तलावात अकरा वर्षं पोरं पोहायला शिकवणाऱ्या बाईला आपण निरोप दिला तेव्हा आपण सगळे काटकसरीचे संत होतो, आणि सहा आठवड्यांत आपल्याला केकवरच्या क्रीमची चिंता लागली. मिसेस थॅकर हसून म्हणाल्या, “विल्फ, लोकांना जरा आनंद नको का?” मी म्हणालो, “आनंद हवा तेवढा घ्यावा, बिल कराच्या पावतीत घालून पाठवू नये.” मागच्या बाकावरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वळून पाहिलं तर मजूर पक्षाचा कॉलिन ड्रॅबल.

ड्रॅबल माझ्या बाजूने आहे यापेक्षा मोठा अपमान नाही. त्याला मुळात राजाच नको आहे. त्याचा स्वतःचा प्रस्ताव असा, की ज्यांना लग्न बघायचं नाही त्यांच्यासाठी नदीकाठी एक वेगळी सहल काढावी आणि तिला कौन्सिलने पाचशे पौंड अनुदान द्यावं. म्हणजे राजाला विरोध करायचा तोही करदात्याच्या पैशाने. सुट्टी मात्र तो घेणार आहे, त्याबद्दल त्याचं काही म्हणणं नाही. एका बाजूला थॅकरबाईंचे गुलाबी गाल, दुसऱ्या बाजूला ड्रॅबलची दाढी, आणि मधे मी. अठ्ठावीस वर्षं या सभागृहात बसतोय. अक्कल गहाण टाकलेली माणसं पाहिली, पण दोन्ही बाजूंनी एकाच दिवशी गहाण टाकलेली काल पाहिली.

एक गोष्ट मात्र सांगायची आहे. सभा सुरू होताना महापौर पीट यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाचा हितसंबंध आहे का? कामकाजातल्या विषयाशी नगरसेवकाच्या घरच्या माणसाचा फायद्या-तोट्याचा संबंध असला तर त्याने तसं जाहीर करायचं आणि त्या विषयाच्या मतदानाला बाहेर जाऊन बसायचं, असा नियम आहे. मिसेस थॅकर उभ्या राहिल्या. मांडवाचं कंत्राट ज्याला मिळणार तो जाइल्स त्यांचा भाचा. त्यांनी ते सांगितलं, आपलं भाषण उरकलं, मग पर्स उचलली आणि मतदानाला बाहेर गेल्या. कॉरिडॉरमध्ये चहा प्यायल्या. ठराव मंजूर झाल्यावर आत आल्या. सगळं नियमाला धरून.

मी त्या बंद दाराकडे बघत होतो. भाच्यासाठी त्या बाहेर गेल्या.

टपाल निघायची वेळ झाली आहे. तुझ्याकडे कॉर्नवॉलला थंडी कमी असते म्हणतात. तरी मोजे घाल.

विल्फ्रेड गारसाइड

१० एप्रिल, रविवार

हेस्टर,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पुढच्या बाजूला समुद्र, मागच्या बाजूला: ‘डॅड, लग्नाचं पुरे. उत्तर द्या.’ पोस्टमनने वाचलं, हे त्याच्या तोंडावरून कळलं.

आई आत्ता तुझ्याशी फोनवर बोलते आहे. दर रविवारी मी दुकानाच्या मागच्या खोलीत येऊन बसतो, म्हणजे तिला मोकळेपणाने बोलता यावं. ती मोकळेपणाने बोलते आणि मला सगळं ऐकू येतं. तिने चहाचा एक मग आणला आहे. नवरा-नवरीचे चेहरे छापलेला, साडेनऊ पौंडांचा. नवऱ्या मुलाचे डोळे दोन दिशांना गेले आहेत. मी म्हणालो, या मगात चहा प्यायलो तर घसा बसेल. ती म्हणाली, “विल्फ, तुझं तोंड बघितलं की दूध नासतं, मगाला कशाला नावं ठेवतोस?” खिडकीत पताका लावल्या आहेत. मी राजनिष्ठ, आणि लाल-निळ्या चिंध्यांखालून वाकून मलाच घरात शिरावं लागतं.

दुकानात हूक आणि सुतळी संपली. सगळ्या गावाला पताका टांगायच्या आहेत. धंदा गेल्या दहा वर्षांत इतका झाला नव्हता. या गोष्टीचा मला आनंद होतो आहे, आणि आनंद होतो आहे याची चीड येते आहे.

आता उत्तर. अर्धं देतो, पुढचं अजून जमत नाही.

तुझा समज असा असणार की ३ फेब्रुवारीला दुपारी मी सभागृहात नव्हतोच. नियमाप्रमाणे नसायला हवा होतो. माझी मुलगी त्या तलावाची व्यवस्थापक. यापेक्षा उघड हितसंबंध कोणता? पीट यांनी विचारलं, कुणाचा हितसंबंध? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो नाही. पीट यांनी दोनदा विचारलं. नगरसचिवाने पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. तरी मी उठलो नाही, आणि सभ्य माणसांच्या सभेत तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही.

का उठलो नाही? कारण मला वाटलं, बाहेर जाणारा माणूस सुटका करून घेतो. सगळा गाव म्हणेल, गारसाइड दुसऱ्यांच्या खर्चाला कात्री लावतो आणि पोरीची पाळी आली की कॉरिडॉरमध्ये चहा पितो. तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की काटकसर स्वतःच्या घरापासून करावी. म्हणून बसून राहिलो. त्या क्षणी मला मी फार ताठ कण्याचा वाटलो.

मी सभागृहात होतो, हेस्टर. आज एवढंच.

वि. गा.

३० एप्रिल

हेस्टर,

लग्न पार पडलं. पडदा मोठा होता. राजपुत्र आमच्या चौकात आठ फूट उंच नाकाने हजर होता.

मी जाणार नव्हतो. आईने माझा सूट पलंगावर काढून ठेवला आणि म्हणाली, “तू नाही आलास तर लोक म्हणतील कॉलिन ड्रॅबलबरोबर नदीवर गेला.” त्यानंतर मी पाच मिनिटांत तयार झालो.

गर्दी मोठी होती. थॅकरबाई निळ्या टोपीत, टोपीवर असं काहीतरी, की मागच्या चार रांगांना नवरी दिसली नाही. भाच्याचा मांडव एका बाजूने कलला होता. केक कापायच्या आधी संपला, कारण मांडवाची माणसंच खाऊन बसली होती. राष्ट्रगीताला मी उभा राहिलो. बाकीचे आधीच उभे होते, कारण खुर्च्या पुरल्या नाहीत. आठ फिरत्या शौचालयांपैकी तीन चालू. तिथे रांग इतकी लांब की ती हळूहळू मुख्य कार्यक्रम झाली.

त्या रांगेत आम्ही होतो, आई आणि मी. आमच्या पुढे ईडी लोमस. तुझ्या मंगळवार-गुरुवारच्या सकाळच्या वर्गातली, खुब्याचं ऑपरेशन झालेली. ती आता चाकाच्या खुर्चीत आहे. मला वाटलं ऑपरेशन बिघडलं. तिची सून म्हणाली, तसं नाही, डॉक्टर म्हणतात पाण्यात चालणं थांबलं म्हणून. फेब्रुवारीपर्यंत ती काठी घेऊन बाजारात यायची. मी स्वतः तिला काठीचं रबरी टोक विकलं आहे.

ईडीने मान वळवून मला पाहिलं. तिला ओरडायची सवय नाही, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ती सगळंच मोठ्याने बोलते.

“विल्फ, एका मताने गेला म्हणतात तलाव. कुणाचा रे तो हात?”

रांगेतली सगळी तोंडं फिरली. पडद्यावर त्याच वेळी शपथा चालल्या होत्या, त्यामुळे चौक चिडीचूप. मला सांगता आलं असतं की मतदान पंधरा विरुद्ध चौदा झालं, पंधरांतला प्रत्येक जण तितकाच जबाबदार, वगैरे. हे वाक्य माझ्याकडे तयार होतं. तीन महिने मी ते घासून ठेवलं होतं.

मी म्हणालो, “माझा.”

ईडी म्हणाली, “काय?”

मला परत सांगावं लागलं, मोठ्याने. “माझा हात, ईडी. मी वर केला.”

हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तू पहिली असायला हवी होतीस ऐकणारी. तू सातवी की आठवी झालीस, आणि तेही शौचालयाच्या रांगेनंतर. माझी लाज वाटते मला. तू लहान असताना मीच तुला पहिल्यांदा त्या पाण्यात उतरवलं होतं, तू माझी मान सोडत नव्हतीस, आणि तोच मी सभेत हात वर करून बसलो होतो. मी बाहेर गेलो असतो तर चौदा-चौदा झाले असते. मग पीट यांना निर्णायक मत असतं, आणि पीट यांचा पहिला हात तलावाच्या बाजूने होता. मी फक्त उठून दार ओढून घ्यायचं होतं. मी नियम मोडला तो तुला बुडवण्यासाठी, आणि त्याला तत्त्व म्हणालो.

ईडीने मान पुन्हा पुढे वळवली. सुनेने खुर्ची पुढे ढकलली.

आई घरापर्यंत माझ्या दोन पावलं पुढे चालली. दारातल्या पताकांखाली थांबली आणि म्हणाली, “दर रविवारी मी तिला सांगत होते, तुझा बाप त्यात नसणार. कसाही असला तरी तेवढं करणार नाही, असं सांगत होते मी.” मग तिने चहा केला. माझ्यापुढे तो मग ठेवला. मी प्यायलो.

डॅड

७ मे

हेस्टर,

परवा कौन्सिलची निवडणूक झाली. रांगेतली बातमी एका तासात गावभर गेली होती, त्यामुळे मी पडणार याची मला खात्री होती. खरं सांगतो, मला पडायचं होतं. पडलो की हिशेब मिटला असं वाटलं असतं.

मी निवडून आलो. मागच्यापेक्षा चारशे मतं जास्त. गेल्या अठ्ठावीस वर्षांत इतकी कधी मिळाली नाहीत.

का, ते ऐक. मतमोजणीच्या हॉलमध्ये माणसं येऊन माझे खांदे दाबत होती. खाटीक म्हणाला, “पोटच्या पोरीचीही गय केली नाही. असा माणूस पाहिजे.” थॅकरबाईंनी तर पत्रकच काढलं होतं, मला न विचारता, शेवटच्या दोन दिवसांत: ‘विल्फ्रेड गारसाइड, तत्त्वाला जागणारा.’ फोटो माझाच, पण कोट बदलून निळा केलेला. ज्यांनी चौकात फुकट केक मागितला, त्याच लोकांनी मला काटकसरीसाठी मत दिलं. ईडीच्या सुनेनेही मलाच दिलं असं म्हणाली, डोळ्याला डोळा न भिडवता. मी या गावाला आयुष्यभर शहाणं समजत आलो आणि स्वतःलाही. दोन्ही एकाच दिवशी संपलं.

काल मी नगरसचिवाला लेखी दिलं की ३ फेब्रुवारीला मी हितसंबंध जाहीर केला नाही आणि मत दिलं, जे देण्याचा मला अधिकार नव्हता. त्याने चष्मा काढून मला विचारलं, “खात्री आहे ना, मिस्टर गारसाइड? कुणी तक्रार केलेली नाही.” मी म्हणालो, मी करतोय. मला शिक्षा म्हणून एक समजपत्र मिळेल आणि अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणाला बसावं लागेल. चहा तिथेही फुकट आहे. पण तलावाची जागा अजून विकलेली नाही, म्हणून तो ठराव नव्या कौन्सिलपुढे पुन्हा ठेवावा लागणार आहे. १६ जूनला.

आशा धर असं मी सांगत नाही. तसं सांगण्याचा हक्क मला नाही.

डॅड

१६ जून, कौन्सिलचा कॉरिडॉर

हेस्टर,

मी बाहेर बसलो आहे. पीट यांची मुदत संपली, नवे महापौर आले. त्यांनी विचारलं, कुणाचा हितसंबंध? मी उठलो आणि म्हणालो, तलावाची व्यवस्थापक माझी मुलगी होती. मग बाहेर आलो. चहा आहे, घेतला नाही.

दाराला फट आहे. ड्रॅबल तलावाच्या बाजूने बोलतो आहे. बरं बोलतो आहे. त्याने ईडीचं नाव घेतलं, खुर्चीचं सांगितलं, तुझं नाव घेतलं. माझं नाव घेतलं नाही. घेता आलं असतं, आणि त्याच्या जागी मी असतो तर घेतलं असतं. या माणसाबद्दल मी तुला काय काय लिहिलं आहे ते आठवून मान खाली गेली. दाढीबद्दलचं मत कायम आहे.

आता थॅकरबाई. दुसऱ्याच्या खिशातून काढलेला पैसा. एकदा. दोनदा.

हात मोजतायत.

झालं. दार उघडून थॅकरबाईच बाहेर आल्या. एकवीस विरुद्ध सात. तलाव बंदच राहणार. पुढच्या महिन्यात जागा विकतील. त्या माझ्याशेजारी बसल्या, माझ्या हातावर हात ठेवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी मायेने बोलल्या.

“विल्फ, आता तरी मनाला लावून घेऊ नकोस. बघितलंस ना? तुझं मत असतं काय, नसतं काय, तलाव जाणारच होता.”

गाव उद्यापासून हेच म्हणेल. रविवारी आई तुला फोनवर हेच सांगेल, कारण तिला आपल्या दोघांना एका टेबलावर बसवायचं आहे. आणि एखाद्या दिवशी, मला माफ करावंसं वाटलं, तर तूही स्वतःला हेच सांगशील. तसं सांगू नकोस. माफ करायचं नसेल तर करू नकोस, पण हे कारण घेऊन करू नकोस. आज एकवीस हात होते. फेब्रुवारीत एकच हवा होता, आणि तो मी दिला.

डॅड